गेलेल्या वस्तूंची यादी

हवालदार चौगुल्यांनी पेन झटकलं, म्हणाले,
सावकाश सांगा, काय काय गेलं.
जुना राजवाडा ठाण्यातला पंखा
एका पात्यावर लंगडत होता.
हे सांगत होते:
दोन पाटल्या. चांदीचा तांब्या, हुपरीचा.
रोख अकरा हजार, पासबुकाच्या घडीत ठेवलेले.
आणि साज. आमच्या आईचा.
साडेपाच तोळं. लिवा.

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

साजाची खूण काही, वहिनी?
मी सांगितलं. मासा, कासव, शंख, चंद्र,
बेलपान, वाघनख, मधे ताईत.
कासवाचा एक पाय जरा चेपलेला.
पाठ होतं मला सगळं,
गेलेल्या माणसाचं तोंड पाठ असतं तसं.

नऊ वर्षं झाली त्याला गुजरीत जाऊन.
भर दुपारी, छत्रीच्या आडोशाने.
हुकमीचंद शेठनी काटा लावला, चष्मा पुसला,
मोडीत घालताय? पुन्हा घडणार नाही असा.
मी म्हटलं, पोरगी घडेल.
(नाही, असं काही म्हटलं नाही.
ते नंतर सुचलं, जिना उतरताना.)
म्हटलं फक्त, रोख द्या.

अनुजाच्या नर्सिंगची फी.
यांनी सांगून टाकलेलं, पोरीच्या जातीला एवढं कशाला.
मी घरात सांगितलं, सरकारी सवलत मिळाली,
आणि महाद्वार रोडवरून आणला
साडेसातशेचा बेंटेक्सचा साज.
बत्त्याने कासवाचा पाय हलकेच चेपला
आणि लाल मखमलीच्या डबीत निजवला.

मग नऊ वर्षं काढली मी चोरांच्या भरवशावर.
लग्न असो, बारसं असो, त्र्यंबोलीची जत्रा असो,
कुणी ना कुणी विचारायचं, साज कुठाय गं?
नको बाई, दिवस काय आलेत,
परवाच फुलेवाडीत एकीचं गंठण ओढलं
मोटरसायकलवाल्यांनी.
पेपरातली कात्रणं ठेवायची मी, तारखेसकट.
यांना केवढं कौतुक: आमची ही लई जपून असती.

इतकं नाव घेतलं तुझं, चोरा,
की आलास शेवटी.
शंभर वर्षं आयुष्य आहे तुला.

आम्ही गारगोटीला वास्तुशांतीला गेलो त्या रात्री
तू कडी कापलीस, गहू पालथे केलेस,
चटणीच्या बरणीत हात घातलास
(झोंबला असेल, आमची चटणी तिखट आहे)
आणि डबी उचललीस.

आता दाराला नवं कुलूप, तीन चाव्यांचं.
खिडक्यांना गज. चौकटीवर कॅमेरा.
यांच्या मोबाईलमध्ये मी दिवसभर दिसते
दूध घेताना, उंबरा पुसताना,
नुसतीच उभी असताना.
रात्री हे तीनदा उठून कडी चाचपतात.
काय राखतात, देव जाणे.

मी जागी असते वेगळ्याच भीतीने.
सापडू नकोस रे.
पंचनामा होईल, मुद्देमाल मांडतील,
सोनाराला बोलावतील दाखल्यासाठी
आणि तो सगळ्यांदेखत म्हणेल,
अहो, हे तर पितळ.

तुला तर कळलंच असेल.
पंचगंगेच्या घाटावर, नाहीतर निपाणीकडच्या एखाद्या खोलीत
दगडावर घासून बघितलं असशील
मासा, कासव, शंख,
आणि माझ्या सात पिढ्यांना
शिवी हासडली असशील.
दे. माझं काही म्हणणं नाही.
जगात दोघांनाच ठाऊक आहे हे,
आणि आपली तर ओळखही नाही.

आज पहाटे अनुजाचा फोन आला मिरजेहून,
रात्रपाळी संपवून. दमलेला, कोरडा आवाज:
आई, आजीचा साज मिळेल गं. नको मनाला लावून घेऊस.
मी विचारलं, जेवलीस का काही?

फोन ठेवला
आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून
जरा वेळ उभी राहिले.